सिनेमा कसा वाटला?



"काल सिनेमा पाहिलात म्हणे. कसा वाटला?" हा प्रश्न आपण एकमेकांना सहज विचारतो. पारावर, एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत दळणाची वाट बघताना, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत. उत्तरही तयारच असते. "मस्त होता." "काही दम नाही." "वेळ बरा गेला." "शेवट मात्र नको तसा केलाय." एवढे बोलून आपण पावसापाण्याच्या नाहीतर कांद्याच्या भावाच्या गोष्टींकडे वळतो.

यात वावगे काहीच नाही. करमणुकीसाठी पाहिलेल्या गोष्टीवर कोणी निबंध लिहावा अशी अपेक्षा नाही. पण या दोन-चार शब्दांच्या मतांचे वजन आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ जास्त आहे. एखादा चित्रपट चालतो किंवा पडतो तो बहुतेक वेळा अशा तोंडी शिफारशीवर. पुढे कोणते चित्रपट निघायचे, गावाविषयी आणि शेतकऱ्याविषयी कोणत्या गोष्टी सांगितल्या जायच्या, तेही काही अंशी त्यावरच ठरते. आणि घरात मोठ्यांनी टाकलेला एखादा शेरा कोपऱ्यात बसलेले पोर ऐकत असते. चांगले कशाला म्हणायचे आणि वाईट कशाला, याचा धडा ते तिथे गिरवते. म्हणून पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलावे कसे, याचा आज थोडा विचार करू.

आपल्याकडे ही करमणूक काही नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी लोकांना दाखवला जाऊ लागला, त्याला आता शंभराहून जास्त वर्षे झाली. नंतर कितीतरी वर्षे खेड्यात सिनेमा यायचा तो जत्रेबरोबर. मोकळ्या रानात तंबू पडायचा, कर्ण्यावर गाणी लागायची, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसे बैलगाड्या जुंपून यायची. अख्खा गाव एकच खेळ बघायचा आणि पुढचे आठ दिवस त्यावरच बोलायचा. आता सिनेमा दिवाणखान्यात आला, तिथून खिशातल्या फोनमध्ये आला. पाहणे वाढले. मात्र एकाच घरातली चार माणसे चार फोनवर चार वेगळ्या गोष्टी पाहतात, त्यामुळे पाहिलेल्यावर मिळून बोलणे कमी झाले.

आता असे बघा. बैलाच्या बाजारात गेलेला शेतकरी बैलाकडे बघून नुसता "मस्त आहे" म्हणून पैसे मोजत नाही. तो दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. रंग मनात भरला तरी चाल बघितल्याशिवाय व्यवहार करत नाही. सिनेमाच्या बाबतीतही अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली, तो मला आवडला का? दुसरी, तो चांगला केलेला आहे का? आणि तिसरी, तो खरा आहे का? "मस्त" या एका शब्दात आपण ही तिन्ही उत्तरे कोंबतो आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिला प्रश्न आवडीचा. आवड ज्याची त्याची असते. तिथे कोणी कोणाला जाब विचारू नये. कोणाला विनोद आवडतो, कोणाला देवाधर्माची कथा, कोणाला मारामारी. दिवसभर खुरपणी करून आलेल्या माणसाला संध्याकाळी हलकेफुलके काही बघावेसे वाटले तर त्यात कमीपणा नाही. पण एवढे ध्यानात ठेवावे, की "आवडला" हे वाक्य आपण आपल्याविषयी बोलतो. चित्रपटाविषयी त्यातून फारसे कळत नाही.

टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांचे उदाहरण घ्या. घरोघरी आयाबाया, आणि खरे सांगायचे तर पुरुषमंडळीही, मालिका बघतात आणि बघता बघता नावेही ठेवतात. "किती लांबवलंय बाई!" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ती का लांबते, हे समजून घेण्यासारखे आहे. चित्रपटाची गोष्ट आधी पुरी लिहिली जाते आणि मग तो निघतो. मालिकेचे तसे नसते. एकीकडे भाग दाखवले जात असतात आणि दुसरीकडे पुढचे लिहिले जात असतात. गोष्ट संपवायची केव्हा हे कथेवरून ठरत नाही, पाहणारे किती यावरून ठरते. 'चार दिवस सासूचे' या मालिकेच्या नावात दिवस चारच होते, पण २००१ साली सुरू झालेली ती मालिका अकरा वर्षांहून जास्त चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले.

अर्ध्या तासातला जाहिरातींचा वेळ वजा केला की कथेला वीस-बावीस मिनिटे उरतात. रोज नवा भाग द्यायचा, तोही ठरलेल्या खर्चात. म्हणून बरीचशी गोष्ट एकाच घरात, एकाच दिवाणखान्यात घडते. कोणी एक वाक्य बोलले की पाच जणांचे चेहरे एकामागून एक जवळून दाखवले जातात आणि मागे दणदण संगीत वाजते. वेळही भरून निघतो आणि उत्कंठाही ताणली जाते. भाग संपताना दार वाजते, आणि दारात कोण आहे ते उद्यावर ठेवले जाते.

पाहणारे किती, हे वाहिनीला कळते ते निवडक घरांत बसवलेल्या मोजणीच्या यंत्रांवरून. कोणती वाहिनी किती वेळ लागली होती आणि समोर कोण होते, एवढे त्या यंत्रातून समजते. पाहणारा कौतुक करत होता की कपाळाला हात लावत होता, याची नोंद त्यात होत नाही. नावे ठेवत पाहिलेली मालिकाही हिशेबात पाहिलेलीच धरली जाते. तेव्हा एखादी मालिका खरोखरच पटत नसेल, तर ती बंद करणे हेच वाहिनीला कळणारे मत. हे माहीत असूनही कोणाला ती बघावीशी वाटली तर खुशाल बघावी. आपण काय बघतो आणि ते कसे बनते, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

आता दुसरा प्रश्न, चांगला केलेला आहे का? हा कारागिरीचा प्रश्न आहे आणि तो खेड्यातल्या माणसाला कळणार नाही असे मुळीच नाही. सुताराने केलेली तिफण, कुंभाराचा रांजण, गवंड्याने बांधलेला बांध पारखणाऱ्या नजरेला सिनेमाही पारखता येतो. सिनेमा म्हणजे सेकंदाला चोवीस या वेगाने डोळ्यांसमोरून सरकणारी स्थिर चित्रे. एका तासात ८६,४०० चित्रे होतात. त्यात काय दिसावे, किती जवळून दिसावे, आवाज कोणता यावा, हे कोणीतरी ठरवलेले असते. ते का ठरवले, असे मनाशी विचारत गेले की कारागिरी दिसू लागते.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलअखेर आला आणि वाडीवस्तीवरच्या माणसांनी तो पाहिला. अजूनही टीव्हीवर लागला की लोक बघत बसतात. अजय-अतुल यांची त्यातली गाणी लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत वाजली. त्या गाण्यांसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले होते. पूर्वार्धात आर्ची आणि परशा यांच्या प्रेमाची गोष्ट अशा भरगच्च संगीतात न्हालेली आहे. शेवटी काय होते ते आठवा. आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. मग शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल घरात येते आणि रक्तात भरलेल्या पावलांनी बाहेर पडते. त्या वेळी पडद्यावर कसलाच आवाज नाही. मूल रडते, पण त्याचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. आधी कान भरून संगीत दिले म्हणून ती शांतता इतकी अंगावर येते. याला म्हणतात कारागिरी.

या चित्रपटाविषयी एक मत सर्रास ऐकू येते. "छान चालला होता, शेवट उगाच मध्येच आणला." हे मत तपासून पाहू. पूर्वार्धात आर्चीचा भाऊ भर वर्गात शिक्षकाच्या कानशिलात मारतो. गुन्हा त्या शिक्षकाचा एवढाच, की त्यांनी त्याला वर्गात फोनवर बोलताना हटकले. या दांडगाईला कोणी आवर घालत नाही. शेवटी जे घडते त्याचे बी तिथेच पेरलेले आहे. गाण्यांच्या नादात आपण ते विसरलो, हा दोष चित्रपटाच्या माथी मारता येत नाही. आणि ज्यांनी फोनवर नुसती गाण्यांची चित्रफीत तुकड्यातुकड्याने पाहिली, त्यांनी तर 'सैराट' पाहिलाच नाही, असे म्हणायला हवे.

याच्या उलट उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चे. हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी तो पाहून "फार संथ आहे बुवा" म्हणणारे अनेक आहेत. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला भरलेला असतो. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू झाला, आणि तुमच्या गाण्यामुळेच त्याने जीव दिला, असा त्याच्यावर आरोप असतो. खटला चालतो, तारखा पडत राहतात. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून उभा असतो. चेहऱ्यांवर धावत नाही की संगीताने काही सुचवत नाही. कोर्टातल्या बाकावर बसून आपणच वाट बघत आहोत असे वाटते. ज्याने जमिनीच्या बांधावरून तालुक्याच्या कोर्टात खेपा घातल्या आहेत, एक दिवसाची मजुरी बुडवून नुसती पुढची तारीख घेऊन जो परत आला आहे, त्याला हा संथपणा ओळखीचा वाटेल. तेव्हा "मला आवडला नाही, मी कंटाळलो, पण केलाय चांगला" असे म्हणता येते. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी शोभतात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तो खरा आहे का? खरा म्हणजे घडलेलाच असला पाहिजे असे नाही. आपल्या 'संत तुकाराम' चित्रपटात चमत्कार आहेत, वैकुंठाचे विमान आहे. प्रभातने १९३६ साली काढलेला हा चित्रपट वर्षभराहून जास्त काळ मुंबईत चालला. पण त्यातली जिजाई बघा. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा अभंगात दंग. ती वैतागून हातात पायताण घेते आणि थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते. विमान खरे असो वा नसो, ही बाई शंभर टक्के खरी आहे. अशी जिजाई प्रत्येक गावात आहे.

या तिसऱ्या प्रश्नावर खेड्यातल्या माणसाचा अधिकार मोठा आहे. वर्तमानपत्रात चित्रपटांना पाचपैकी अमुक तारे दिलेले असतात. ते तारे देणाराला कारागिरी कळत असेल, पण मोट-नांगराचे, पाणीपाळीचे, सोसायटीच्या कर्जाचे त्याला काय कळणार? ते तुम्हाला कळते. मंगेश हाडवळे यांचा २००८ साली आलेला 'टिंग्या' पाहा. टिंग्या या शेतकऱ्याच्या मुलाचा चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. बटाट्याची लावण तोंडावर आलेली, बापाला बैल तर हवाच. लंगडा बैल विकल्याशिवाय दुसरा घ्यायला पैसा नाही, आणि अशा बैलाला गिऱ्हाईक खाटकाशिवाय नाही. शेजारच्या रशिदाची म्हातारी आजी आजारी आहे, तिच्यावर औषधपाणी चालू आहे. पोर विचारते, मग माझ्या बैलाला का नाही? या प्रश्नाला बापाजवळ उत्तर नाही. टिंग्याचे काम करणाऱ्या शरद गोयेकरला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्या बापाचा चेहरा खरा आहे की नाही, हे पुरस्कार देणाऱ्यांपेक्षा दावणीचा बैल विकलेला माणूस जास्त खात्रीने सांगेल. खरेपणाला काळही असतो, हे इथे ध्यानात घ्यावे. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. निकामी बैलाचे करायचे काय, हा प्रश्न आज वेगळ्या रूपाने उभा आहे. मुलांना हा चित्रपट दाखवाल तेव्हा तो २००८ सालचा आहे, हे आधी सांगावे.

संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली आला. १९५३ च्या 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो. नातवाच्या डोळ्याला कर्करोग झालेला. शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. त्या आधी पोराला जग एकदा डोळे भरून दाखवावे म्हणून आजोबा त्याला घेऊन इस्पितळाबाहेर पडतो. तो बघताना रडू येते. पण रडून मोकळे होऊ नये. लहान मुलांना हा रोग खरोखरच होतो. बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसणे, विशेषतः उजेडात किंवा फोटोत, ही त्याची एक ओळखीची खूण. अशी चमक दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताबडतोब जावे. वेळेवर उपचार झाले तर मूल वाचते आणि पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. खऱ्या सिनेमातून अशीही एखादी गोष्ट घरी आणता येते.

आणि आता जरा अवघड उदाहरण. नागराज मंजुळे यांचाच 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत आला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या हा शाळेत जाणारा मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते, आणि ती आपल्याकडे वळावी म्हणून तो एका काळ्या चिमणीच्या मागे रानभर हिंडतो. त्याच्या घरच्यांना गावची डुकरे धरण्याचे काम करावे लागते. शेवटी साऱ्या शाळेसमोर, शालूसमोर, जब्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते. डुक्कर हाताशी येते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. पुढे ते धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते, आणि भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांसारख्या थोरांची चित्रे. चिडवणाऱ्या पोरांवर जब्या अखेर दगड भिरकावतो. तो दगड सरळ पडद्यातून आपल्या अंगावर येतो आणि चित्रपट संपतो.

हा बघून गावात दोन मते पडतात. एक मत असे, "आता कुठे राहिलंय असलं? आमच्या गावात तरी नाही." हे मत बहुधा पारावरून येते. पण हाच प्रश्न गावाच्या कडेच्या वस्तीवर जाऊन विचारला, तर उत्तर काय येईल? एकच गाव, पण त्यातले खरे कोण कुठे उभा आहे त्यावर वेगळे दिसते. म्हणून "हे खोटे आहे" असे म्हणण्याआधी एक पथ्य पाळावे. ज्याची ती गोष्ट आहे, त्याला आधी बोलू द्यावे. शेतकऱ्याची गोष्ट असेल तर शेतकऱ्याला, सुनेची असेल तर सुनेला, जब्याची असेल तर जब्याला. तो "खरे आहे" म्हणाला, तर निदान त्या दिवशी वाद घालू नये.

आपल्या मताचा भार कुठे पडतो, हे सांगण्यासाठी पुन्हा एकदा 'सैराट'कडे येतो. घरात टीव्हीसमोर सगळे बसलेले आहेत. शेवट झाला. आणि घरातला कर्ता पुरुष उठता उठता म्हणतो, "आईबापाच्या तोंडाला काळं फासल्यावर दुसरं काय होणार?" तो म्हणेल, मी सिनेमाबद्दल बोललो. पण मागे बसलेल्या मुलीने ते सिनेमाबद्दल म्हणून ऐकलेले नसते. ती समजते, उद्या आपल्यावर वेळ आली तर या घराचा निकाल हा आहे. मग ती कधी काही सांगायला येणार नाही. ना मनातले, ना अडचणीतले. आणि पाठीशी बसलेल्या मुलाने त्याच वाक्यातून भावाचे कर्तव्य काय ते शिकून घेतले. अशा हत्या गोष्टीतच होतात असे नाही. आपल्या राज्यात, आपल्या देशात त्या झाल्या आहेत. हाच माणूस जर एवढेच म्हणाला असता, "लग्न पटो न पटो, जीव घेणं हे काही आईबापाचं काम नव्हे," तर त्या घरातल्या पोरांची रात्र वेगळी गेली असती. सहज टाकलेल्या मताचे मोल असे असते.

मग बोलावे कसे? याला आपल्याच भागातली एक जुनी वाट आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत मंडळे निघाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. पण ऐकून उठून जात नसत. त्यावर चर्चा करत आणि गावाला काय करता येईल ते ठरवत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून मिळून बोलल्याने माणसाला जास्त समजते आणि ते टिकते, असे त्या प्रयोगाच्या पाहणीत दिसून आले. त्या वेळी गावात रेडिओ एखादाच होता. आज पडदे घरोघर आहेत. तरी महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात, ग्रंथालयात किंवा बचत गटाच्या बैठकीत पाच-पंचवीस माणसांनी एकच चित्रपट मिळून पाहायला काय हरकत आहे?

अशी बैठक घ्यायची तर चार साधे नियम पुरेत. चित्रपट पुरता पाहावा, तुकड्यांवरून मत देऊ नये. पाहिल्या पाहिल्या निकाल न देता एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी जे आठवते, तेच बहुधा त्यातले सकस असते. बोलताना आधी एक प्रसंग सांगावा, मग मत. "वाईट आहे" असे न म्हणता "अमुक ठिकाणी मला पटले नाही" असे म्हणावे. आणि बोलायला सुरुवात वयाने लहान असलेल्याने करावी. सरपंच किंवा गुरुजी आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि चर्चा तिथेच आटोपते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हाच प्रयोग वर्गात करून पाहावा. मुलांनी सुट्टीत काही ना काही पाहिलेले असतेच. फळ्यावर तीन रकाने आखावेत, आवडला, चांगला आणि खरा. प्रत्येकाने एकेक वाक्य लिहावे, आणि वाक्यात "कारण" हा शब्द आलाच पाहिजे अशी अट घालावी. "मला आवडला, कारण बैल माझ्या बैलासारखा होता." "खरा वाटला नाही, कारण दुष्काळातही शेत हिरवेगार होते." असे वाक्य लिहिणारे मूल भाषाही शिकते आणि विचार करायलाही. "कारण" या शब्दाची सवय लागलेले मूल पुढे निवडणुकीतले भाषण ऐकताना आणि जाहिरात वाचतानाही तो शब्द शोधील. दाखवण्याआधी चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर नजर टाकावी, हे सांगायला नकोच. २०२४ पासून पालकांच्या सल्ल्याने पाहायच्या चित्रपटांवर ७, १३ किंवा १६ अशी वयाची खूण असते, ती उपयोगी पडते. 'फँड्री' आणि 'सैराट' हे जाणत्या मुलांसाठी आहेत, आणि तेही मोठ्यांच्या सोबतीने.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा कोणी "सिनेमा कसा वाटला?" असे विचारले, तर "मस्त" म्हणायला हरकत नाही. पण मग तिथेच न थांबता पुढचे एक वाक्य बोला. काय मस्त होते ते सांगा. आणि आपले बोलून झाल्यावर शेजारी बसलेल्याला, विशेषतः जो सहसा बोलत नाही त्याला, विचारा, "तुला काय वाटलं?" तो सांगेल ते नीट ऐका.